साडेआठ मीटर दोर

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत कुमुदिनीबाई मोहिते यांचं घर विचारलं तर दोघं-तिघं डोकं खाजवतील. 'गणितवाल्या बाईंचं घर' म्हणा, टेम्पोवाला थेट गल्लीच्या तोंडाशी आणून सोडेल. भाडं घेताना तो जरा नजर चुकवतो, कारण बहुधा त्यालाही बाईंनी कधीतरी नापास केलेलं असतं. लष्कर भागातल्या एका सरकारी शाळेत बाईंनी उभी हयात काढली. अर्धा मार्क वाढवून मागायला आलेल्या एका बापाला त्यांनी फळ्यापाशी उभं करून तेच उदाहरण सोडवायला लावलं होतं. तो बाप ठाणेदार होता आणि त्याला ते सुटलं नव्हतं, हे आजही छावनीत चवीने सांगतात.

मोहित्यांचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले ते इथलेच झाले. पुढे घोडी गेली, फौज गेली, राहिल्या त्या मिशा आणि पेन्शन. बाईंचे यजमान सुभेदार होते. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. या सगळ्या खानदानात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. बाईंना एकच मुलगा, समरजीत. उंचापुरा, देखणा, तोंडाने गोड आणि गणितात कच्चा. दिव्याखाली अंधार, असं शाळेतले मास्तर चहा पिताना म्हणायचे आणि बाई आल्या की गप्प व्हायचे.

समरजीतने बाड्याच्या बाजारात मोबाइलचं दुकान करून पाहिलं, मग जिममध्ये पोरांना वजनं उचलायला शिकवून पाहिलं. कशातच जीव रमेना. तोवर बिर्ला नगरच्या गरिमाशी लग्न झालं होतं. मिलच्या चाळीत वाढलेली, हसरी, बडबडी मुलगी. बाईंसमोर न घाबरता बोलणारं त्या घरातलं ते पहिलं माणूस. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी लष्कर भागातल्या सौरवने समरजीतला आपल्याबरोबर गुजरातेत नेलं. खंभातच्या आखातात मोठी जहाजं लांब नांगरून उभी राहतात, त्यांच्यापर्यंत माणसं आणि सामान नेणाऱ्या लाँचवर नोकरी होती. पावसाळ्याआधी खोली बघतो आणि गरिमाला घेऊन जातो, असं सांगून तो गेला.

माघातल्या अमावास्येनंतरच्या उधाणात समरजीत गेला. ओहोटीला लाँच धक्क्याला अडकली, ती सोडवायला तो उतरला आणि लाँच आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. लाँचच्या मालकाने फोनवर एवढं सांगितलं आणि वर म्हणाला, "लड़के की लापरवाही थी, माताजी. रस्सी छोटी बाँध दी." फोन स्पीकरवर होता. गरिमा शेजारीच उभी होती.

त्या दिवसापासून ती पोरगी मिटली. घरातली कामं करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, ताटातलं चिवडून उठायची. फोनला हात लावत नव्हती. कुणाचाही फोन वाजला की उठून मागच्या खोलीत जायची. माहेरची माणसं न्यायला आली तर "मी इथंच ठीक आहे" म्हणाली. बाईंना वाटलं, दुःख आहे, ज्याचं त्याला पचवायला वेळ लागतो. त्यांचं स्वतःचं दुःख त्यांनी कुठे ठेवलं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

होळी झाली, पाडवा झाला. एका दुपारी डाळ निवडता निवडता गरिमा एकदम म्हणाली, "आई, त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. फोनवर."

"नवराबायकोचं होतंच."

"तसं नाही. तो म्हणाला, खोली नाही मिळाली, अजून दोन महिने लागतील. मी म्हटलं, तो फिर मत आओ. कभी मत आओ. आणि फोन ठेवला. त्याच्यानंतर त्याने रस्सी बांधली, आई." तिचा हात डाळीतच राहिला होता. "डोकं ठिकाणावर नसेल ना त्याचं. लापरवाही म्हणतात ते. ती लापरवाही मी आहे."

बाईंनी आयुष्यात पुष्कळ मुलांची समजूत घातली होती, पण या पोरीची समजूत 'तसं काही नसतं गं' म्हणून पटणारी नव्हती, हे त्यांना लगेच कळलं. दुसऱ्याचं काय, त्यांची स्वतःचीही पटली नसती. त्या म्हणाल्या, "दोर आखूड होता हे मालकाने का ठरवावं? ते गणित ठरवेल. मी काढते."

"आणि निघाला आखूड तर?"

"जे निघेल ते सांगेन. लपवणार नाही."

बोलल्या खऱ्या, पण मनात त्यांनी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं: दोर पुरेसा होता, दोष दुसऱ्या कशाचा तरी होता, पोरगी सुटली. उत्तर आधी धरून उदाहरण सोडवणाऱ्या मुलांना त्यांनी आजवर किती झापलं असेल त्याला गणती नाही. पण पोटचा पोर गेलेला आणि सून डोळ्यांदेखत झुरणारी, अशा वेळी बाई तरी कुठली मास्तरीण राहणार!

मग गणितवाल्या बाई समुद्र शिकायला बसल्या. चष्मा लावून फोनवर व्हिडिओ पाहायच्या, थांबवायच्या, मागे न्यायच्या. पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास जास्त, अष्टमीच्या सुमारास कमी. खंभातच्या आखातात तर एवढं उतरतं की दुपारी धक्क्याच्या बरोबरीने डोलणारी होडी संध्याकाळी दोन मजले खाली दिसते. ग्वाल्हेरच्या माणसाला हे ऐकून हसूच येईल. इथे तिघऱ्याच्या धरणाचं पाणी उतरतं ते उन्हाळाभर हळूहळू, आणि बातमी होते ती पेपरात. तिथे मात्र धक्क्याला बांधलेल्या होडीचा दोर नेमका किती सोडायचा, यावर होडीचा जीव असतो. जास्त सोडला तर होडी भरतीला भरकटून शेजारच्या होडीवर आपटते. कमी सोडला तर पाणी खाली जातं आणि होडी दोरावर टांगून राहते.

तत्त्व कळलं, पण आकडे हवे होते. ते सौरवकडे होते, आणि सौरव फोन उचलत नव्हता. नोकरी त्यानेच लावून दिली होती, तोंड कसं दाखवणार बिचारा. जेठात तो चुलतबहिणीच्या लग्नाला लष्करात आलाय असं बाईंच्या कानावर आलं. बाई भर उन्हात टेम्पोत बसून त्याच्या घरी गेल्या. दारात त्यांना पाहून त्याचा चेहराच उतरला. शाळेत असताना गृहपाठ न करता सापडला की असाच दिसायचा.

"बाई, मी येणारच होतो..."

"खोटं बोलू नकोस. बैस. मी रागवायला आलेली नाही, विचारायला आले आहे. तू होतास का तिथे, तो दोर बांधत होता तेव्हा?"

"नाही ना, बाई. मी दुसऱ्या लाँचवर होतो, पाण्यात. मी आलो तेव्हा पाणी पूरा उतरलं होतं आणि आमची लाँच दोन्ही दोरांवर लटकलेली. समरजीत खाली होता, पुढचा दोर ढिला करत होता. दोर एकदम सुटला, लाँच नाकावर आली आणि..."

बाईंनी त्याच्या आईने आणून ठेवलेलं पाणी त्यालाच दिलं. मग विचारलं, "रोज तोच बांधायचा?"

"नाही. आमचा तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, तो बांधतो, लाँच उसी की है समझो. त्या दिवशी त्याच्या घरी शादी होती. समरजीतने पहिल्यांदाच अकेल्याने बांधली. आज पाणी किती उतरणार, हे त्याने ऑफिसात विचारलं होतं. आठ मीटर म्हणून सांगितलं. आणि आठच उतरलं."

"आणि दोर?"

"पोलिसांनी नापला. पुढचा साडेआठ, मागचापण साडेआठ."

"खुंटा कुठे होता? लाँचच्या तोंडासमोर, की पुढे?"

सौरवने टेबलावर माचिस ठेवून दाखवलं. माचिस म्हणजे लाँच. पुढचा दोर तिच्या तोंडापासून सहा मीटर पुढच्या लोखंडी खुंट्याला, मागचा तेवढाच मागच्या खुंट्याला. भरतीला लाँचची कड आणि धक्का जवळजवळ एका पातळीत. "तांडेल तो अंदाज से तिप्पट सोडतो, बाई. जितकं पाणी उतरणार त्याच्या तिप्पट. का, ते त्याला पण नाही माहीत."

बाईंना माहीत होतं. सौरवच्या घरातून निघण्याआधीच त्यांचं उत्तर निघालेलं होतं. कागदसुद्धा लागला नाही. खुंट्यापर्यंत आडवं अंतर सहा, पाण्याचा उतार आठ, आणि दोर त्या दोघांना जोडणारा तिरका. सहा, आठ, दहा. आठवीच्या मुलीला झोपेत विचारलं तरी सांगेल. कमीत कमी दहा मीटर दोर हवा होता, तोही कुठे ढील न ठेवता. होता साडेआठ. पाणी तळाला पोचायच्या आधीच दोन्ही दोर ताणले गेले, पुढचा पुढे ओढतोय, मागचा मागे, आणि मधे लाँच अधांतरी. मालक खरं बोलला होता.

बाई टेम्पोने बाड्यापर्यंत आल्या आणि तिथून पुढचा टेम्पो घ्यायचा विसरून चालतच निघाल्या. रस्त्यात दोघांनी नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही. घरी आल्यावर गरिमाने पाणी दिलं आणि विचारलं, "सौरव भेटला?"

"भेटला. अजून आकडे जुळवायचे आहेत."

लपवणार नाही म्हणालेल्या बाई पहिल्यांदा लपवून बसल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. गरिमा रोज भाकरी वाढताना हळूच विचारायची, "निकला क्या?" आणि बाई म्हणायच्या, "निघेल." पोरगी काय समजायचं ते समजली असावी. तिने विचारणं बंद केलं. आता ती ताटावरही बसेना, 'मागून जेवते' म्हणायची. बाईंच्या मनात येऊन गेलं की सरळ सांगावं, दोर बरोबर होता म्हणून. या घरात सहा-आठ-दहा कुणाला पडताळून पाहायचं आहे? पण ती पोरगी मूर्ख नव्हती. खोटं एकदा उघडं पडलं असतं तर तिचा कुणावरच विश्वास राहिला नसता. इकडे आड, तिकडे विहीर, अशी गत झाली.

एक गोष्ट मात्र बाईंच्या डोक्यातून जात नव्हती. साडेआठच का?

पेपर तपासता तपासता त्यांना एक कळलेलं होतं, ते सगळ्याच जुन्या मास्तरांना कळतं. लक्ष नसलेल्या मुलाची चूक कशीही असते. तिला हातपाय नसतात. तेच उदाहरण पुन्हा दिलं तर तो दुसरीच चूक करतो. पण विचार करून चुकलेल्या मुलाची चूक नीटनेटकी असते. ती मागे मागे नेली की तो कुठे वळला ते सापडतं. ज्याचं चित्त थाऱ्यावर नाही तो माणूस दोर घेईल आणि हाताला येईल तेवढा सोडून बांधेल. सात होईल, अकरा होईल. पुढचा एक होईल, मागचा दुसरा. दोन्ही दोर नेमके सारखे कसे? आठ मीटर पाणी उतरणार म्हणून आठ, हे समजत होतं. वरचा अर्धा मीटर कुठला?

नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून बाई सकाळी बादली घेऊन गल्लीच्या टोकाच्या हातपंपावर गेल्या. पंपाच्या शेजारी गल्लीची जुनी विहीर आहे. आता तिच्यावर लोखंडी जाळी टाकलीय आणि जाळीवर पोरांचे पतंग अडकलेले असतात. समरजीत लहान होता तेव्हा उन्हाळ्यात हीच विहीर सगळ्या गल्लीला पाजायची. बाई पंप हापसता हापसता थांबल्या.

आठ-नऊ वर्षांचा समरजीत या काठावर उभा होता आणि त्याची बादली पाण्याला टेकत नव्हती. पाणी खाली गेलं होतं, दोर तोच होता. तो रडकुंडीला आला होता. बाईंनी त्याला ओढून न्यायच्या ऐवजी, सवयीप्रमाणे, तिथेच धडा दिला होता. सुतळीला दगड बांध, खाली सोड, पाणी किती खाली आहे ते मोज. जितकं पाणी खाली, तितका दोर. आणि वर एक हात, गाठीला. त्यांनी त्याचा कोपर धरून दाखवलं होतं, हात म्हणजे इथून बोटाच्या टोकापर्यंत. पोराने दोर मोजला, हात मोजला, गाठ मारली आणि भरलेली बादली वर आली तेव्हा नाचला होता.

बाईंनी स्वतःचा हात कोपरापासून पाहिला. समरजीतचा हात यापेक्षा लांब होता. अर्धा मीटर सहज भरला असता.

बादली तिथेच ठेवून त्या घरी आल्या. गरिमा भांडी घासत होती. "हात धू आणि इकडे ये," त्या म्हणाल्या, शाळेतल्याच आवाजात. गरिमा हात पुसत आली आणि भिंतीशी उभी राहिली. बाईंनी खडू घेतला आणि फरशीवर उभी रेघ मारली.

"ही विहीर. पाणी खाली गेलं की दोर सरळ खाली जातो. जितकी खोली तितका दोर. कळलं?" मग तिच्या शेजारी त्यांनी काटकोन काढला आणि त्याची दोन टोकं तिरक्या रेघेने जोडली. "हा समुद्र. इथे होडी खुंट्याच्या खाली नसते, बाजूला असते. दोर तिरका जातो. तिरका दोर जास्त लागतो. दहा लागत होता. त्याने साडेआठ सोडला."

गरिमाने डोळे मिटले. "म्हणजे आखूड होता."

"आखूड होता. मी लपवणार नाही म्हटलं होतं, तरी इतके दिवस लपवलं. आता पुढचं ऐक. आठ मीटर पाणी उतरणार हे त्याने विचारून घेतलं. आठ मीटर दोर मोजला. वर हा एवढा हात, गाठीसाठी." बाईंनी आपला हात कोपरापासून पुढे धरला. "पुढच्या दोरालाही आणि मागच्यालाही. दोन्ही सारखे. हे विहिरीचं गणित आहे. त्याने समुद्रावर विहिरीचा दोर बांधला."

गरिमाने एकदा त्या रेघांकडे आणि एकदा बाईंच्या हाताकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग तो माझ्यावर नाराज नव्हता?"

"त्याच्या आधी नाराज असेलही. पण दोर बांधताना नव्हता, बेटा. नाराज माणूस गाठीला हातभर दोर सोडत नाही. त्याने शांतपणे, मन लावून मोजलंय. अगदी नीट मोजून चुकला तो. तुझा त्यात काही संबंध नाही."

"तुम्हाला कसं माहीत, असंच मोजलं म्हणून?"

बाईंनी खडू खाली ठेवला. इथे गप्प बसता आलं असतं. "कारण मी शिकवलंय त्याला. त्या विहिरीवर. मी त्याला विहीर शिकवली आणि तो समुद्रावर गेला."

गरिमा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. माघानंतर ती पहिल्यांदा मोठ्याने रडत होती, घशातून, लहान मुलीसारखी. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं. पोरगी सुटली होती. दोषाची मोकळी झालेली जागा कुणी तरी भरायची होती, ती त्यांनी भरली होती.

रडणं ओसरल्यावर गरिमाने तोंड पुसलं. बाईंचा चेहरा आता तिला दिसला. ती सरकून जवळ आली आणि त्यांचा खडूने भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बाईंना बरं वाटावं म्हणून काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं. शेवटी जे सुचलं ते ती अगदी प्रेमाने बोलली.

"आई, तुम्ही नेहमी म्हणायचात ना, की मी शिकवलेलं या पोराच्या काही लक्षात राहत नाही? राहिलं होतं, आई. त्याच्या लक्षात होतं."

कुमुदिनीबाईंनी हात सोडवून घेतला, पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पंपावर ठेवलेली बादली शेजारची कुणीतरी भरून दाराशी आणून ठेवून गेली, तरी त्या उठल्या नाहीत.